काळ्या बॉनेटवरची जाळी

लातुरात काळी गाडी घेऊ नये, असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. शोरूममधला विक्रेतासुद्धा म्हणाला, "सर, आपल्याकडं पांढरी बरी. धूळ खपून जाते." मी ऐकलं नाही. ज्या क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवायचो, त्याचे मालक काळ्या गाडीतून उतरायचे आणि उतरताना कुणाकडंही बघायचे नाहीत. मलाही तसं उतरायचं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. हौस होती म्हणायला हरकत नाही, पण हौसेपेक्षा त्यात खुन्नस जास्त होती, हे आता कबूल करतो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. त्याच वर्षी आई गेली आणि मी बाबांना उदगीरजवळच्या आमच्या गावाहून लातूरच्या फ्लॅटवर घेऊन आलो. बायको शाळेत शिकवायची, मी सकाळपासून क्लासवर, मुलगी शिकायला पुण्याला. बाबा दिवसभर तिसऱ्या मजल्यावर एकटे. टीव्ही लावून दिला तर थोडा वेळ बसायचे आणि उठायचे. "मी हितं करू तरी काय रे?" असं मला रोज विचारायचे. मी म्हणायचो, आराम करा. आयुष्यभर राबलेल्या माणसाला आराम करा म्हणणं म्हणजे तुमचं आता काही काम नाही, असंच सांगणं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मला उशीर होत असायचा.

गाडी आली आणि बाबांना काम मिळालं.

"गाडी माझ्याकडं सोड," ते म्हणाले. "तू नुस्ती चालव. बाकी मी बघतो."

त्यांना ते काम नवीन नव्हतं. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा नव्या कचेरीत माणसं भरली, त्यात बाबा शिपाई म्हणून लागले. साहेबांची जीप पुसायचं काम त्यांच्याकडं आलं. रॉकेलचा हात लावलेलं फडकं घेऊन ते जीप घासायचे. त्या पत्र्यावर रंगाचा जाड थर असायचा, जेवढा घासावा तेवढा चमकायचा. आमच्या वस्तीतला माणूस साहेबाच्या जीपला हात लावतो, याचंच तेव्हा गावाला केवढं अप्रूप. बाबा सांगायचे, "साहेब माझ्या जीपमधी तोंड बघून भांग पाडायचे." त्यांच्या नोकरीतली हीच एक गोष्ट ते स्वतःहून सांगायचे.

सुरुवातीला त्यांनी माझी गाडी पाण्यानं धुतली. अर्धी बादली पाणी. त्या वर्षी आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या आणि भांडणं जुंपायची. पुढं तर रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बाबांनी बादली ठेवून बॉनेटवर हात फिरवला, तेवढ्यात बिल्डिंगचे सेक्रेटरी गॅलरीतून ओरडले, "ओ आजोबा! माणसाला प्यायला न्हाई अन् गाडीला आंघोळ घालू लागलात व्हय? कुणाच्या बापाचं पाणी हाय?"

टँकरच्या रांगेतल्या बाया वळून बघू लागल्या. मी कपडे करून खालीच येत होतो. मी बाबांच्या पुढ्यातली बादली उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "कळत नाही का तुम्हाला? पाणी लावायचं नाही. कोरडी पुसायची."

बाबा हळूच म्हणाले, "माझ्या आंघोळीचं हाय. मी आज न्हालो न्हाई."

ते मी ऐकलं, पण सेक्रेटरींना सांगितलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गाडी कोरडी पुसू लागले. त्यांचा एक जुना सदरा होता, त्याची घडी करून गोल गोल हात फिरवत जोर लावून पुसायचे. उन्हाळ्यातली ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. रात्रीतून गाडीवर एवढी बसायची की बोटानं नाव लिहावं. सकाळी मी किल्ली फिरवत खाली यायचो तेव्हा गाडी सावलीत काळीशार दिसायची. मी बसून निघायचो. बाबा फडकं झटकत उभे राहायचे आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहायचे.

ऊन कडक झालं तेव्हा एका दुपारी क्लासच्या आवारात मालक माझ्या गाडीपाशी थांबले. सोबत दोन शिक्षक होते. मालक मान वाकडी करून बॉनेटकडं बघत म्हणाले, "सर, हे काय? तवा घासल्यासारखी घासली की हो गाडी."

मी पाहिलं. सूर्याचं प्रतिबिंब बॉनेटवर पडलं होतं आणि त्याच्याभोवती बारीक बारीक गोल रेषांचं जाळं उमटलं होतं. अख्ख्या बॉनेटवर, दारांवर, टपावर. सावलीत काही दिसायचं नाही, उन्हात नेलं की सगळं उघडं पडायचं.

"घेणं सोपं असतं, सर," मालक हसून म्हणाले. "ठेवणं जमलं पाहिजे."

ते दोन शिक्षकही हसले. मालकांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. कदाचित गाडीबद्दलच बोलले असतील. पण मी लहानपणापासून अशी वाक्यं दोनदा ऐकायला शिकलो आहे, आणि त्या दुपारीही मी ते वाक्य दोनदा ऐकलं. मालकांना काही बोलायची माझी हिंमत नव्हती. घरी बोलायला माणूस होता.

औसा रोडला एक पॉलिशवाला होता. माणूस बोलघेवडा, तोंडात कायम गुटखा. त्यानं बॉनेटवर नख फिरवलं. "नख अडकलं तर खोल गेलंय समजायचं, मग रंगच मारावा लागतो. तुमचं अडकत न्हाई. वरवरची जाळी हाय, निघंल." मग त्यानं काचांच्या रबरी कडांना पट्टी चिकटवली, मलम लावलं आणि मशीनचा फोम बॉनेटवर फिरवायला सुरुवात केली. थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून थेंब थेंब पाणी शिंपडायचा. तेवढंच पाणी त्याच्याकडं होतं. फोम सरकला तिथं जाळी विरून जाऊ लागली. मला वाटलं होतं, ओरखडे भरले जातात. तो म्हणाला, "भरत काय न्हाई सर. ओरखडा हाय तिथंच ऱ्हातो, आजूबाजूचं घासून त्याच्या लेव्हलला आणायचं. रंगावर काचंसारखा थर असतो, त्यो दर टायमाला थोडा थोडा जातो. लई बार केलं की खेळ खलास."

घरी येऊन मी बाबांना एक मऊ कापड दिलं आणि हलक्या हातानं पुसा म्हणून सांगितलं. त्यांनी हात हलका केला, पण धूळ तीच होती आणि पाणी नव्हतंच. थोड्याच आठवड्यांत जाळी परत आली.

तेव्हा मी जे केलं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पॉलिशला जाताना मी बाबांना सोबत घेतलं. मुद्दाम घेतलं. त्यांना नीट दाखवायचं, असं मी ठरवलं होतं.

पॉलिशवाल्यानं गाडी आत घेतली, शटर अर्धं खाली ओढलं आणि हातातली बॅटरी लावली. "या बाबा, हितं या. उजेडात या. दिसायलंय का? ह्या बघा गोल गोल. रांगोळी काढली की तुम्ही!"

बाबा वाकले. डोळे बारीक केले.

"हाव," ते म्हणाले.

"काय दिसतंय, सांगा बरं," मी म्हणालो. वर्गात विचारतो त्याच आवाजात.

"गोल हायत."

"कशानं पडले?"

"माझ्या पुसण्यानं."

"मी किती वेळा सांगितलं होतं?"

पॉलिशवाला मध्ये पडला. "जाऊ द्या सर, म्हाताऱ्या माणसाला काय धरून बसता. बाबा, म्हैस घासायची सवय असंल तुम्हाला, न्हाई का? म्हैस बिचारी तक्रार करती व्हय!"

"आमच्याकडं म्हैस नव्हती," बाबा म्हणाले. "जीप होती. साहेबाची. नवा जिल्हा झाला तवा."

"जीप! मंग थांबा की थोडं. उदगीर जिल्हा होतोय म्हणतेत. नवा साहेब येईल, नवी जीप येईल. तुम्हालाच बोलवतेत बघा पुसायला! माझ्याकडं बी गिऱ्हाईक वाढंल."

त्याचे कामगार हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो असेन. हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहिलं की आपल्याला कुणी हसत नाही, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. बाबाही थोडं हसले. आपण कशावर हसायचं आहे, ते न समजलेल्या माणसासारखं.

मग मी म्हणालो, "आजपासून गाडीला हात लावायचा नाही. कळलं? अजिबात हात लावायचा नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

आमच्यासारख्यांच्या घरात वाढलेल्या माणसाची जीभ हे वाक्य बोलताना अडखळायला हवी होती. माझ्या आजोबांना गावच्या आडावर हेच सांगितलं जायचं. आजोबांनी दीक्षा घेतली, आमच्या घरातले जुने देव नदीत सोडले, बाबांना शाळेत घातलं, ते हे वाक्य पुढं कुणाला ऐकावं लागू नये म्हणून. आणि मी ते गुटख्याच्या वासाच्या दुकानात, परक्या माणसांसमोर, बापाला सुनावलं. जीभ अडखळली नाही.

घरी आल्यावर बाबा गाडीतून उतरेनात. मी खाली उतरून, सामान घेऊन जिन्यापाशी गेलो, तरी ते आतच. दोन्ही हात मांडीवर.

"रुसलात काय?"

"न्हाई. दार उघड."

मला वाटलं, ते चिडून असं करताहेत. ते चिडले नव्हते. बाबांना आयुष्यभर सांगितलेलं काम सांगितलं तसं करायची सवय होती.

बायकोला मी झालेला प्रकार विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही. "अहो, तुम्ही काय बोललात ते कळतंय का तुम्हाला?"

"ते वेगळं. ही गाडी आहे," मी म्हणालो.

"गाववाल्यांचा आड होता, तुमची गाडी आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून बाबा खाली उतरायचे बंद झाले. सकाळी लवकर उठायचे, अंथरुणाची घडी करायचे आणि तिच्याशेजारी बसून राहायचे. एकदा त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, माझं हितं आता काय काम हाय?" तिनं त्यांना भाजी निवडायला दिली. मेथीबरोबर गवतही परातीत पडू लागलं, तेव्हा मी त्यावरूनही बोललो.

गाडीसाठी मी कव्हर आणलं. चांगलं जाड, चहूबाजूंनी ओढून बांधायचं. मे महिन्याची वावटळ सुटली की ते फडफडायचं. सुट्ट्यांमुळं क्लास थोडे दिवस बंद होता, गाडी तशीच झाकून होती. कव्हर काढून गाडी उन्हात नेली, तर आधीपेक्षा वाईट जाळी. टपाच्या कडांना तर पांढुरके पट्टे.

"बाबांनी परत हात मारला का?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

"नाही. कव्हर होतं."

"मंग कव्हरनंच. धूळ आत जाती, वाऱ्यानं कव्हर हलतं. कव्हर मंजे चोवीस तास फिरणारं फडकं. त्यापेक्षा बाबा बरे की हो!" तो पुन्हा हसला.

या वेळी मी हसलो नाही. घरी जाऊन बाबांना एवढंच सांगायचं होतं की दोष तुमच्या हातांचा नव्हता, निदान सगळा नव्हता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'हात लावायचा नाही' हे वाक्य परत घ्यावं लागलं असतं, आणि परत घेण्याइतका मी मोठा नव्हतो. तिसऱ्यांदा पॉलिश करून आणलं आणि घरी म्हणालो, सर्व्हिसिंगला दिली होती.

पुढं पाऊस झाला, बरा झाला. नळाला पाणी येऊ लागलं. बाबा मात्र खोलीतच. एका सकाळी त्यांनी बशीच्या शेजारी, टेबलावर चहा ओतला आणि टेबलाच्या कडेवरून तो पायावर पडेपर्यंत त्यांना कळलं नाही. बायको म्हणाली, डोळे दाखवा. नांदेडला तिच्या ओळखीचे डॉक्टर होते, म्हणून मी बाबांना तिकडं घेऊन गेलो.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढे दिवस काय करत होता? दोन्हीकडचा मोतीबिंदू पिकलाय. गेलं वर्षभर तरी यांना समोरच्या माणसाचं तोंड धड दिसत नसणार."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "बाबा, त्या दुकानात बॅटरीनं दाखवलं, तेव्हा तुम्हाला दिसलं होतं का?"

"बॅटरी दिसली."

"आणि ते गोल?"

"न्हाई."

"मग हाव कशाला म्हणालात?"

"तू मास्तर हाईस," बाबा म्हणाले. "तू हाय म्हणालास मंजे असतील."

समोर एक बाई नातवाला केळं भरवत होती, तिच्याकडं बघत बसलो.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी न्यायला सांगितलं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं आधीसारखंच धूसर. मी बाबांना धरून फाटकाबाहेर गाडीपर्यंत आणलं. तेवढ्यात क्लासमधून फोन आला. मी त्यांचा हात सोडला, किल्लीचं बटण दाबलं आणि म्हणालो, "बसा." फोनवर बोलत मी पलीकडं गेलो.

गाडीच्या टपावरून मला बाबा दिसत होते. ते दारासमोर उभे होते, मी येऊन दार उघडायची वाट बघत. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली. बाबा दचकून बाजूला सरले, त्यांचा पाय गटाराच्या फुटक्या फरशीवर पडला आणि तोल गेला. त्यांचा हात दाराच्या मुठीकडं गेला. अगदी जवळ गेला. मूठ धरली असती तर ते पडले नसते. पण हात मध्येच थांबला, परत आला, आणि बाबा हात छातीशी धरून कुशीवर पडले.

मी धावत फिरून आलो. आल्यावर मी पहिल्यांदा कुठं पाहिलं, ते मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मी खोटं बोललो असतो. मी पहिल्यांदा दाराकडं पाहिलं.

"लागलं न्हाई न्हवं गाडीला?" बाबांनी खालून विचारलं.

रिक्षावाल्यानं आणि मी मिळून त्यांना उठवलं. कोपर सोललं होतं, सदऱ्याची बाही रक्तानं भिजली होती. परत आत नेलं. डॉक्टरांनी पट्टी काढून डोळा बघितला, डोळा ठीक होता. कोपराला औषध लावणाऱ्या नर्सनं विचारलं, "आजोबा, धरायचं ना काहीतरी पडताना?" बाबा म्हणाले, "ध्यानात न्हाई आलं बाई." मी शेजारीच उभा होतो.

आम्ही नांदेड सोडलं. लोहा मागं पडल्यावर मी म्हणालो, "बाबा, नंतरचे ओरखडे कव्हरनं पडले होते. तुमच्यामुळं नाही."

"कवा कळलं तुला?"

"मे महिन्यात."

बाबांनी मान हलवली. बाहेर सोयाबीन काढायला आलं होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला लातूरला नको. गावाकडं सोड."

"तिथं कोण आहे? डोळ्यात औषध कोण घालणार? पडलात तर?"

"शेजारची घालतेत. पडलो तर पडलो. तिथं काय बी धरून उठता येतंय."

मी खूप बोललो. चुकलं म्हणालो, घरी चला म्हणालो, वाटेल तेव्हा गाडी पुसा म्हणालो. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. बाबा ऐकत होते. रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनही मी बोलत होतो.

"तुझी गाडी हाय," ते एवढंच म्हणाले. "तू संभाळ."

शिरूर ताजबंदला डावीकडं उदगीरचा रस्ता फुटतो. तिथं मी गाडी उभी केली आणि त्यांच्याकडं पाहिलं. पट्टी बांधलेलं तोंड समोर होतं, हात मांडीवर. ते वाट बघत होते. मी डावीकडं वळलो.